कवठाचं गिऱ्हाईक

कोलकात्यातल्या आमच्या बालीगंजच्या सोसायटीत मागच्या बाजूला एक कवठाचं झाड आहे आणि ते हत्तीच्या शेणातून आलेलं आहे. ही गोष्ट मी पाहुण्यांना सांगते तेव्हा ते हातातला चहा खाली ठेवतात. ठेवू देत. आमच्याकडे चहाबरोबर खायला काही असेलच असं नाही, पण सांगायला हे असतंच.

शेण आणणारे माझे बाबा. ते केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि सरकार त्यांना हाडं ओळखायचा पगार देत असे. साधीसुधी हाडं नाहीत. लाखो वर्षांपूर्वी हिमालयाच्या पायथ्याशी चरणारे हत्ती, पाणघोडे आणि तसलीच धिप्पाड शाकाहारी जनावरं, त्यांच्या दगड झालेल्या दाढा. पुण्याहून थोड्या दिवसांच्या बदलीवर आले आणि इथलेच झाले, कारण हाडं इथे होती. माझ्या मैत्रिणींचे वडील बँकेत होते, बंदरात होते, कॉलेजात होते. तुझे वडील काय करतात, असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, मेलेले हत्ती सांभाळतात. यावर पुढचा प्रश्न सहसा येत नसे.

रविवारी सगळी मुलं आईवडलांबरोबर लेकवर हवा खायला जात. मला बाबा जादूघरात नेत. बंगालीत म्युझियमला जादूघर म्हणतात आणि ते नाव ऐकून मी पहिल्यांदा नवा फ्रॉक घालून गेले होते. आत जादू नव्हती, एक भलीमोठी कवटी होती. तिचे सुळे इतके लांब आणि एकमेकांना इतके चिकटलेले की मधून सोंड खाली सोडायला जागाच नव्हती. "मग तो सोंड कुठे ठेवत असेल?" बाबा विचारायचे. मी म्हणायचे, बाजूला. "बरोबर," ते म्हणायचे, आणि आम्ही पुढच्या दाढेकडे जायचो. बक्षीस म्हणून बाहेर आल्यावर आइसक्रीम मिळेल अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती.

त्या जनावराला नाव देणाऱ्या साहेबानं गणपतीचंच नाव दिलं आहे, हे मात्र खरं. एवढ्या एका गोष्टीवर बाबांना आमच्या मराठी मंडळींनी एकदा गणेशोत्सवात व्याख्यानाला उभं केलं. कोलकात्यातली मराठी माणसं म्हणजे एका मध्यम आकाराच्या हॉलमध्ये मावतील एवढी, आणि त्यातली निम्मी महाप्रसादाच्या वेळी येतात. बाबांनी जीव तोडून सांगितलं. हत्ती झाडं मोडतो म्हणून गवताला ऊन मिळतं, गवत वाढतं म्हणून हरणं येतात. हत्ती खातो एकीकडे आणि टाकतो कोसभर पलीकडे, म्हणून झाडांची पोरं आईच्या सावलीतून सुटतात. असली जनावरं गेली की नुसती जनावरं जात नाहीत, सगळ्या रानाचा संसार मोडतो. आणि ती जातात कशी? "कत्तल लागत नाही," बाबा म्हणाले. "हत्तीण जवळजवळ दोन वर्षं पोटाशी घेऊन हिंडते आणि एका वेळी तिला एकच पिल्लू होतं. पुढची चार-पाच वर्षं ती त्याच्यापायी अडकलेली. जन्माला येतात त्यापेक्षा फक्त थोडे जास्त मारत राहायचं. मारणाऱ्यालासुद्धा कळत नाही की आपण संपवतोय. तो म्हणतो, पूर्वी बरेच असायचे बुवा."

बाबा थांबले. टाळ्या झाल्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर पहिल्या रांगेतल्या एक काकू उठल्या आणि म्हणाल्या, "त्या हत्तीची सोंड बाजूला होती म्हणालात, पण उजवीकडे की डावीकडे?"

बाहेरच्या कुणाला यात काही वाटणार नाही. पण मराठी घरात डाव्या सोंडेचा गणपती घरचा माणूस असतो आणि उजव्या सोंडेचा म्हणजे कडक. त्याचं सोवळं-ओवळं, त्याचे नेम, चुकलं की गाठ त्याच्याशी. सगळा हॉल उत्तरासाठी पुढे वाकला. एवढी लाखो वर्षं उलटून गेल्यावरसुद्धा कुणाला पाळावं लागेल की काय, ही काळजी त्या तोंडांवर स्पष्ट दिसत होती.

"ज्या बाजूला खायला असेल त्या बाजूला," बाबा म्हणाले. त्यांना परत कुणी बोलावलं नाही.

त्या व्याख्यानानंतर प्रसादाच्या पंगतीत आणखी एक प्रश्न झाला, तो दरवर्षीचा होता आणि आईसाठी होता. "एकच? एकीवरच थांबलात?" वाढणाऱ्या बायका हा प्रश्न मसालेभाताबरोबर वाढत. मी शेजारी बसलेली असायचे, अंगानं चांगलीच भरलेली, गल्लीतली मुलं मला बंगालीत हाती म्हणजे हत्तीच म्हणायची. तेव्हा मी कुणाला दिसले नसेन असं म्हणायला जागा नाही. आईला दुसरं होणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं आणि ते पंगतीत सांगण्यासारखं नव्हतं. ती हसायची. बाबा समोर बसलेले असत, ताटातल्या जिलबीकडे बघत. दगडाच्या दाढेवर तासभर बोलणारा माणूस तिथे एक शब्द बोलत नसे. आईला प्रश्न लागायचा. मला बाबांचं गप्प बसणं लागायचं.

आता शेण.

कवठाबद्दल बाबांचं म्हणणं असं की हे फळ माणसासाठी नाहीच. इतकं टणक कवच माकडाला फुटत नाही, पोपटाला फुटत नाही, आपल्याला तर उंबऱ्यावर आपटावं लागतं. ते एका मोठ्या तोंडासाठी घडवलेलं आहे. "गिऱ्हाईक गेलं," ते म्हणायचे, "आणि दुकान अजून उघडं आहे." फळ खाली पडतं, सावलीत पडून राहतं, कुजतं, बिया आतल्या आत मरतात. आपल्या जुन्या पंडितांची समजूत होती की हत्तीनं गिळलेलं कवठ दुसऱ्या बाजूनं अख्खं बाहेर पडतं, फक्त आतला गर नाहीसा होतो. बाबांना ही समजूत भयंकर खटकायची. पंडितांनी कधी शेणात हात घातला होता का, असं ते आम्हाला विचारायचे. आम्हीही घातला नव्हता, त्यामुळे गप्प बसायचो.

तेव्हा हिवाळ्यात मैदानावर सर्कस यायची आणि सर्कशीत हत्ती असायचे. बाबांनी गडियाहाटच्या बाजारातून कवठं घेतली, माहुताशी ओळख काढली आणि हत्तीणीला ती खाऊ घातली. दोन दिवसांनी सकाळी ते गेले आणि जे हवं होतं ते घेऊन आले. कशातून आणलं? आईच्या माहेरच्या, नाव घातलेल्या, तीन पुडांच्या स्टीलच्या डब्यातून. त्या डब्यातून ती आम्हाला प्रवासात पुऱ्या द्यायची. तिनं झाकण उघडलं, वास घेतला, झाकण लावलं आणि दोन दिवस घरात फक्त माझ्याशी बोलली. मग तिसऱ्या दिवशी तिनंच गॅलरीतल्या कुंड्या रिकाम्या केल्या. कवच अख्खं नव्हतं, चुरा झाला होता, पंडित हरले. कुंडीतून रोपं वर आली आणि त्यातलं एक बाबांनी मागच्या आवारात लावलं. डबा तिनं इतका घासला की तिचं नाव निम्मं गेलं.

झाडानं घाई केली नाही. मी कॉलेजात प्राणिशास्त्र घेतल्यावर केव्हातरी पहिलं फळ धरलं. दर महाशिवरात्रीला आई त्याची गूळ-जिरं घालून चटणी करायची, आणि आमचे बंगाली शेजारी त्याच फळात मोहरीचं तेल, मीठ, मिरची कालवून त्याला कोतबेल-माखा म्हणायचे. दोन्ही पक्षांना दुसऱ्याची कीव यायची. मी प्राणिशास्त्र शिकवायला लागले, लग्न झालं, मुलगी झाली. तीही एकच. नवरा गेला, मग आई गेली, मुलगी बेंगलोरला गेली, आणि मी परत बाबांजवळ येऊन राहिले. बाबा आता गॅलरीतल्या खुर्चीत बसून झाडाकडे बघतात. झाडाखाली आजवर एकही रोप उगवलेलं नाही. उगवणार कुठून, सर्कशीतले हत्तीही आता बंद झाले.

गेल्याच्या गेल्या वर्षी डिसेंबरात सोसायटीच्या सेक्रेटरीबाबूंनी नवी गाडी घेतली. पांढरी, उंच, दोन माणसांसाठी सात जणांची. आता कोलकात्याच्या रस्त्यावरचं सर्वांत मोठं जनावर हेच. बाबा म्हणाले, हेसुद्धा शाकाहारीच, पेट्रोल म्हणजे जुनं शेवाळ, तेच पितं. फरक एवढाच की दुसऱ्या बाजूनं काही उगवत नाही. ती गाडी कवठाखाली लागली, आणि कवठानं वर्षानुवर्षं जे केलं तेच केलं. पिकलेलं फळ सोडून दिलं.

बॉनेटला खळगा पडला. सोसायटीची तातडीची बैठक झाली. या इमारतीत लिफ्ट बंद पडते तेव्हा तातडीची बैठक होत नाही, तेव्हा निषेध होतो. सेक्रेटरीबाबू म्हणाले की प्रश्न गाडीचा नाहीच, प्रश्न लहान मुलांच्या सुरक्षिततेचा आहे. आमच्या इमारतीत लहान मूल एकही नाही. सगळी मुलं बेंगलोरला आहेत. मी तसं म्हटलं तर ते म्हणाले, सुट्टीत येतात ना दीदी. बाबा काठी टेकत उठले आणि त्यांनी हत्तीपासून सुरुवात केली. लोकांनी आदरानं ऐकलं, बंगाली माणूस म्हाताऱ्या विद्वानाचं बोलणं कधी तोडत नाही, आणि मग हात वर करून झाड तोडायचं ठरवलं. "मेशोमशाय," सेक्रेटरीबाबू बाबांना म्हणाले, मैत्रिणीच्या वडलांना इथे तसं म्हणतात, "तुमचं सगळं पटलं. पण हत्ती आहेत कुठे?"

"तेच सांगतोय," बाबा म्हणाले.

त्या दिवसापासून ते जेवेनासे झाले. म्हणजे जेवायचे, पण पक्ष्यासारखं. मी परवानगीचे नियम काढले, ओळखीच्यांना फोन केले, सगळीकडे लोक हळहळले. एकदा मी चिडून म्हटलं, "बाबा, झाडच आहे हो. तुमचं वय काय, तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?" ते म्हणाले, "तिचा डबा होता." एवढंच. आईबद्दल ती गेल्यापासून ते बोललेलं हे पहिलं वाक्य होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

माघी गणेश जयंतीच्या दिवशी सकाळी बाबांनी माझ्याकडे शेंदूर मागितला. मला वाटलं यांचं डोकं फिरलं. या माणसानं आयुष्यात देवाला हात जोडले नव्हते; आई पूजा करायची तेव्हा हे मूर्तीच्या सुळ्यांची जाडी चुकली आहे असं सांगत. "तेलात कालवून दे," ते म्हणाले, "आणि दूर्वा आण." मी लेक मार्केटमधून दूर्वा आणल्या. ते लिफ्टनं खाली गेले, झाडाच्या बुंध्यावर कमरेएवढ्या उंचीवर एक मोठी गाठ होती आणि त्या गाठीतून एक वाळका फाटा बाहेर येऊन वळला होता, त्यावर त्यांनी शेंदूर थापला. डोळे काढले. दूर्वा ठेवल्या. मग मागे सरकून, मान तिरकी करून, जादूघरात कवटीकडे बघत तसं बघितलं. "सुळे नाहीत," ते म्हणाले, "पण या लोकांना चालेल."

हिशेब पक्का होता. दुसऱ्या दिवशी वसंत पंचमी, सरस्वती पूजा. सगळी सोसायटी सकाळी सकाळी अंघोळ करून, बायका पिवळ्या साड्या नेसून, मागच्या आवारातल्या मंडपात येणार. आल्या. आणि त्यांना शेंदरी गणपती दिसला. कुणी विचारलं नाही कुणी केला. शंख वाजला, बायकांनी जीभ हलवत उलू-उलू असा मंगल उलूध्वनी केला. सेक्रेटरीबाबूंनी पादत्राणं काढली, गाडीकडे बघितलं, झाडाकडे बघितलं, आणि म्हणाले की त्यांना त्याच दिवशी वाटलं होतं, फळ नेमकं आपल्याच गाडीवर पडलं यात काहीतरी संकेत आहे.

बाबा गॅलरीतून बघत होते. त्या दिवशी त्यांनी खिचडी दोनदा मागून घेतली. "एवढ्यासाठी मी पन्नास वर्षं शास्त्र सांगत होतो," ते म्हणाले, आणि खूप हसले. मीही हसले. आमचं घर कितीतरी दिवसांनी हसलं.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण मग आमची माणसं आली.

अथर्वशीर्ष म्हणणारा आमच्या मराठी बायकांचा एक गट आहे. बालीगंजात स्वयंभू गणपती निघाला ही बातमी त्यांना त्याच दुपारी व्हॉट्सॲपवर कळली आणि संकष्टीला त्या दर्शनाला आल्या. पहिल्या रांगेतल्या काकू आता ऐंशीच्या पुढच्या आहेत, पण नजर शाबूत. त्या वाकल्या, चष्मा पुसला, पुन्हा वाकल्या आणि एकदम सरळ झाल्या. "अगंबाई!" त्या म्हणाल्या. "उजव्या सोंडेचा आहे!"

बाबांनी जन्मभर सगळ्या हाडांची डावी-उजवी बाजू अचूक ओळखली होती. इथे मात्र फाटा ज्या बाजूला वळला होता त्या बाजूला त्यांनी सोंड केली होती. ज्या बाजूला खायला असेल त्या बाजूला. हत्ती त्यांना पाठ होते. आपली माणसं ते विसरले होते.

काकूंनी सेक्रेटरीबाबूंना तिथल्या तिथे समजावलं, अर्ध्या हिंदीत आणि उरलेल्या हातवाऱ्यांत. हा कडक आहे. याला असं उघड्यावर, मातीत, कुत्र्यामांजरांत ठेवून चालणार नाही. पार बांधा. स्वच्छ राखा. चुकलं तर सगळ्या इमारतीला भोगावं लागेल. बंगाली माणसाला गणपती म्हणजे दुर्गेचा गोड, पोटवाला पोरगा. तो रागावू शकतो हे सेक्रेटरीबाबूंना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. घाबरलेला माणूस खर्चाला मागे बघत नाही. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशी म्हण आहे. आमच्याकडे गणपतीच झाला, हीच अडचण झाली.

पयला बैशाखला, म्हणजे बंगाली नववर्षाच्या मुहूर्तावर, पाराचं उद्घाटन झालं. बुंध्याभोवती गणपतीच्या जरा खालपर्यंत भर घातली होती, तिच्यावर सिमेंट, सिमेंटवर पांढरा संगमरवर, अगदी खोडाला भिडवून, पाणी जायलासुद्धा फट नको म्हणून. पायाखाली फळं येऊ नयेत म्हणून खालच्या फांद्या छाटल्या. दिव्यांच्या माळा खिळ्यांनी ठोकल्या. सेक्रेटरीबाबू भाषणात म्हणाले की या महानगरात सर्वत्र झाडं तोडली जात असताना आमच्या सोसायटीनं एक झाड वाचवलं. टाळ्या झाल्या. बाबांना खुर्ची देऊन पुढे बसवलं होतं आणि गळ्यात रजनीगंधाचा हार घातला होता.

"मुळांना श्वास घ्यायला जागा ठेवा," बाबा म्हणाले.

"नाही मेशोमशाय, पूर्ण पॅक केलंय," सेक्रेटरीबाबूंनी दिलासा दिला.

पावसाळ्यात पानं पिवळी पडली. तेव्हा पिवळी पडत नाहीत. दुर्गापूजेपर्यंत वरची एक फांदी वाळली. मी सेक्रेटरीबाबूंकडे गेले, पार थोडा फोडूया म्हटलं. ते हादरले. उजव्या सोंडेचा आहे दीदी, तुमच्याच लोकांनी सांगितलं. मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, फोडलात तर प्रायश्चित्त आहे, पण माणूस मात्र काशीहून बोलवावा लागेल. घरी येऊन मी बाबांना म्हटलं, "मी जाते पहाटे उठून, आणते एखादा गवंडी, होईल ते होईल."

"राहू दे," ते म्हणाले. "पार फोडला तर देव जाईल. देव गेला तर गाडी येईल." मग म्हणाले, "पूर्वी मारून संपवायचे. आता पुजून. आपल्याकडे तर दोन्ही चालतं. रुळांवर हत्ती कापला जातो, आणि गाडीच्या इंजिनाला दसऱ्याला हार घालतातच." त्यांचा आवाज मात्र चेष्टेचा नव्हता. मला त्या संगमरवराचा, काकूंचा, सेक्रेटरीबाबूंचा आणि सगळ्यात जास्त त्या हसऱ्या वसंत पंचमीचा संताप संताप झाला.

या वर्षी महाशिवरात्रीला झाडानं मोजकी फळं दिली. शेंड्यावरची, लहान. गणपतीला नैवेद्य म्हणून खाली ठेवलेली मी उचलून आणली. हे पाप असेल तर असो, ते कडक गृहस्थ माझं काय ते बघून घेतील. मी आईसारखी चटणी केली. तिच्यासारखी झाली नाही. बाबांनी बोटानं चाटली, आणि गर काढताना वेगळ्या केलेल्या बिया मागितल्या. त्या त्यांनी ताटलीत पसरून वाळवल्या आणि मला म्हणाले, "लांब नेऊन टाक. आवारात नको, गल्लीत नको. हत्ती जवळ टाकत नाही."

म्हणजे आता हे काम माझ्याकडे आलं. साठीच्या उंबरठ्यावरची, गुडघे गेलेली बाई, चाल तशीही झुलतीच. गल्लीतल्या त्या मुलांना दूरदृष्टी होती म्हणायची.

माझी एक विद्यार्थिनी बजबजला राहते. तिच्या आईवडलांचं घर नदीच्या बाजूला, मागे मोकळी जमीन. पलीकडे तेलाच्या टाक्या, अलीकडे जूट मिलची भिंत. बिया कशातून न्यायच्या हा प्रश्न पडला नाही. आईचा डबा फडताळात होताच, नाव निम्मं गेलेला. मी बालीगंज स्टेशनवरून बजबज लोकल धरली आणि डबा मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, काय आणलंय, पिठे का? पिठे म्हणजे इथलं तांदळाच्या पिठाचं पक्वान्न. मी म्हटलं, नाही, कोतबेलच्या बिया. तिनं पर्स दुसऱ्या बाजूला घेतली.

खड्डे करून बिया घातल्या, पाणी घातलं, विद्यार्थिनीच्या आईनं माछ-भात वाढला, संध्याकाळी परत आले. बाबा वाटच बघत होते.

"शेण घातलंस का?"

"शेण?"

"नुसत्या बिया कोण टाकतं? हत्ती असं करत नाही."

मी पायताण काढलेलंही नव्हतं. मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला, आणि मारूनही घेतला. पण पुढच्या आठवड्यात तपसियाच्या बाजूच्या एका गोठ्यातून म्हशीचं शेण घेऊन मी पुन्हा गेले. डब्यातून. आई, मला माफ कर, पण तुला याची सवय होती.

चैत्र संपता संपता, रोप आलं म्हणून विद्यार्थिनीचा फोन आला. बाकीच्या बिया मुंग्यांनी नेल्या असाव्यात किंवा पाऊस अवेळी झाला त्यात गेल्या. आमच्या झाडाला तेव्हा पालवी फुटायला हवी होती, फुटली नव्हती. शेंदूर मात्र ताजा होता, दर मंगळवारी लावतात. बाबांना दुपारपासून ताप होता. ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि मी त्यांच्या उशाशी जाऊन बसले.

"बाबा, बजबजला रोप आलंय."

ते वळले. "किती?"

"एक."

"एकच?"

पंगतीतल्या त्या बायका असंच म्हणायच्या, शेवटचं अक्षर लांबवून. "एकच," मी म्हटलं.

बाबांनी पांघरुणातून हात बाहेर काढला आणि माझ्या मनगटावर ठेवला. हात गरम होता.

"हत्तीलासुद्धा एका वेळी एकच होतं," ते म्हणाले. "भरपूर असतं ते."

म्हणून तर संपले, हे उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.